मांजराचा जून महिना

रविवारी दुपारनंतर किहीम, आवास, सासवणे या पट्ट्यातल्या बंगल्यांमधून गाड्या मांडव्याकडे निघतात. फ्रीज रिकामा केला जातो, गाद्यांवर चादरी पडतात, फाटकाला कुलूप लागतं. मांजर तिथेच राहतं. राखणदार सकाळ-संध्याकाळ येऊन वाटीत खाणं टाकतो, झाडांना पाणी घालतो आणि जातो. शुक्रवारी रात्री पुन्हा दिवे लागेपर्यंत त्या घरात दुसरं काही घडत नाही.

नागाव, काशीद, दिवेआगरच्या घरगुती निवासांमधलं मांजर वेगळ्या तऱ्हेने मागे पडतं. दिवाळीपासून मेअखेरपर्यंत पाहुण्यांची पोरं त्याला मांडीवर घेतात, ताटातला सुरमईचा तुकडा भरवतात; पाऊस लागला की खोल्या बंद. चौल, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धनच्या वाड्यांमध्ये आणखी तिसरी तऱ्हा. मुलं मुंबई-पनवेलला, घरात आजी-आजोबा आणि मांजर. आजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरतं, मुलगा गाडी घेऊन येतो आणि 'शेजारचे घालतील काहीतरी' या भरवशावर मांजर पडवीत सोडलं जातं. या तिन्ही घरांत मांजरावर माया आहे. ते एकटं पडू शकतं, एवढंच कोणाच्या मनात आलेलं नसतं.

न येण्याला कारणही आहे. कुत्रं माणसाला धरून राहतं आणि मांजर घराला, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. यात तथ्य आहे, पण अर्धंच. पाळीव मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिका आणि पश्चिम आशियातलं रानमांजर, एकट्याने शिकार करणारं जनावर. आपल्या हद्दीतले कोपरे, वाटा, वास पक्के ठाऊक असणं हाच त्याच्या जगण्याचा आधार. घराची ओढ तिथून आली. पण जिथे अन्न एका जागी भरपूर मिळतं तिथे हीच मांजरं गटाने राहू लागतात. जपानमध्ये आइनोशिमा नावाचं मासेमारीचं बेट आहे. तिथे टाकून दिलेल्या माशांच्या ढिगांभोवती मांजरांचे गट कसे बांधले जातात याचा संशोधकांनी बारकाईने अभ्यास केला आहे. थळ, वरसोली, राजपुरी, भरडखोल इथे होड्या लागतात तेव्हा किनाऱ्यावर जमणारी मांजरं पाहा: एकमेकींना चाटणाऱ्या मायलेकी, थोडं अंतर राखून बसलेला बोका, आणि अजून कोणी जवळ न केलेलं एखादं नवखं पिल्लू.

माणसाशीही ती जोडली जातात. अमेरिकेतल्या ओरेगॉन स्टेट विद्यापीठात क्रिस्टिन व्हिटाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये एक साधी चाचणी घेतली. पिल्लाला मालकासोबत अनोळखी खोलीत ठेवायचं, मग दोन मिनिटं एकटं सोडायचं आणि मालकाने परत यायचं. सुमारे ६४ टक्के पिल्लं मालक परतल्यावर शांत झाली आणि पुन्हा खोली हुंगायला लागली. माणसांच्या लहान मुलांमध्येही हे प्रमाण साधारण एवढंच येतं.

तेव्हा मांजराला सोबत लागते, हे मान्य करूनच पुढे जाऊ. पण त्याच्या एकटेपणाचा विचार करताना 'सोबत कोणाची?' हा प्रश्न मी दुसरा ठेवीन. पहिला प्रश्न असा: त्याच्या दिवसात काय घडतं, आणि ते रोज ठरल्या वेळी घडतं का?

किनाऱ्यावरच्या मांजराचा दिवस कशाकशाने भरलेला असतो ते मोजून बघा. सकाळी कोळीण पाटी घेऊन दारात येते; तिची हाक वेशीपाशी असतानाच मांजर ओट्यावर हजर असतं. मासे निवडायला बसलं की ते शेजारी. मग पडवीत ऊन खाणं, दुपारी वाडीत खारी आणि सरडे, संध्याकाळी घरातली किंवा पाहुण्यांची वर्दळ. आता १ जून घ्या. यांत्रिक होड्यांची मासेमारी त्या दिवसापासून दोन महिने बंद, म्हणजे कोळणीची हाक बंद. पाहुणे गेलेले. मांडवा-गेटवे प्रवासी बोटी पावसाळ्यापुरत्या थांबलेल्या, त्यामुळे बोटीने येणारे बंगलेवाले दर आठवड्याऐवजी महिन्यातून एकदा येणार. गाड्या नेणारी रो-रो बोट चालू असते, पण पावसात गाडी घेऊन यायचा उत्साह किती जणांना? वर धो-धो पाऊस, म्हणून वाडीतली भटकंतीही संपली. एका आठवड्यात मांजराचं सगळं जग आकसतं आणि नेमकं तेव्हाच घरात माणूस नसतो. पावसाळ्यात मांजर 'बिघडलं' अशी तक्रार कानावर आली की मी आधी ही यादी पुढे करतो.

बिघडलं म्हणजे काय झालं?

एकटं पडलेलं मांजर कोपऱ्यात उदास बसतं, ही आपली कल्पना. प्रत्यक्षात ते बहुधा खोड्या करतं, आणि आपण चिडतो. ब्राझीलमधल्या संशोधकांनी २०२० साली २२३ मांजरांबद्दल त्यांच्या मालकांना विचारलं, तेव्हा ३० मांजरांमध्ये मालक नसतानाच्या वागण्यात अडचण दिसली. सर्वांत जास्त होती ती नासधूस. त्याखालोखाल सतत ओरडणं, नको तिथे लघवी करणं, मरगळ, अंगावर धावून येणं. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं आढळलं होतं की मालकाच्या गैरहजेरीत घरात भलतीकडे लघवी करणाऱ्या मांजरांपैकी ७५ टक्के मांजरं ती मालकाच्या पलंगावरच करत होती. बंगल्यावर येऊन गादी ओली सापडली की 'मुद्दाम सूड उगवला' असं वाटतं. सूडबिड काही नाही. तुमचा वास जिथे सर्वांत दाट, तिथे ते आपला वास मिसळतं.

याशिवाय पोट किंवा मांडीची आतली बाजू चाटून-चाटून टक्कल पाडणं, तुम्ही आल्यावर पायात पायात घोटाळत क्षणभरही न सोडणं, किंवा उलट दोन दिवस जवळच न येणं. खाण्यातला बदल दोन्हीकडे जातो. काही मांजरं अन्न सोडतात, काही कंटाळ्यापोटी वाटी चाटूनपुसून खातात आणि फुगतात.

हीच लक्षणं आजाराचीही असू शकतात, म्हणून पहिली फेरी पशुवैद्यकांकडे. चाटण्यामागे पिसवा किंवा त्वचेचा रोग निघतो. म्हातारं मांजर रात्री घर डोक्यावर घेतं त्यामागे थायरॉइड, वाढलेला रक्तदाब किंवा कमी झालेलं ऐकू येणं असतं. मूत्राशयाची सूज हा तर दोन्हीकडचा आजार: ताणामुळेही होतो आणि मग ताण वाढवतो. आणि एक मोठा गैरसमज इथेच दूर करू. नसबंदी न झालेली मांजरी लोळत, कण्हत, रात्ररात्र ओरडते ती माजावर आलेली असते. तिला खेळणी आणून उपयोग नाही. बोका चार-चार दिवस नाहीसा होतो आणि कान फाडून परततो, त्याचंही तेच. नसबंदी करून घ्या, मग एकटेपणाचा विचार करू.

सुट्टीच्या घरातलं मांजर

सगळ्यात मोठा फरक पडतो तो राखणदारामुळे, आणि त्याच्याशी आपण याबद्दल धड बोललेलोच नसतो. 'मांजराला खायला घाल' एवढंच सांगितलं जातं. तो बिचारा साहेबांच्या मांजराला हात लावावा की नाही या संकोचात वाटी भरतो आणि निघतो. त्याला, किंवा घरकाम करणाऱ्या मावशींना, स्पष्ट सांगा: खाणं ठेवल्यावर पंधरा मिनिटं तिथेच बसा. मांजर आलं तर हनुवटीखाली, गालांवर खाजवा. नाही आलं तर नुसतं बसा, ओढून आणू नका. फोनवर गाणी ऐकली तरी चालेल. या वेळेचे पैसे वेगळे द्या, कारण ते काम आहे. आणि माणूस दर आठवड्याला बदलू देऊ नका. अनोळखी चार हातांपेक्षा ओळखीचे दोन बरे, आणि वेळ घड्याळाची. सकाळी सातला येणारा माणूस कधी सात, कधी अकरा असा यायला लागला की मांजराच्या दिवसाचा खुंटाच निघून जातो.

कुटुंब निघाल्यावर घर धुऊन काढायची आपल्याकडे पद्धत आहे. सगळ्या चादरी धुवायला, फरशीला काळं फिनाईल. मांजराच्या दृष्टीने हे दुहेरी वाईट. काळ्या फिनाईलमधल्या घटकांचा निचरा मांजराचं यकृत नीट करू शकत नाही. ओल्या फरशीवरून चालून पंजे चाटले तरी विषबाधा होऊ शकते. साध्या साबणाच्या पाण्याने पुसायला सांगा. दुसरं म्हणजे वास. तुमची एक न धुतलेली चादर किंवा जुना सदरा मांजराच्या झोपायच्या जागी राहू द्या. ते दाराच्या चौकटीवर, खुर्चीच्या पायांवर गाल घासतं त्या जागाही दर आठवड्याला घासून लख्ख करायच्या नाहीत.

निघताना मोठा निरोपसमारंभ नको. आल्या आल्या उचलून मुकेही नकोत. बसा, त्याच्याकडे पाहा आणि डोळे सावकाश मिटून उघडा. ब्रिटनमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या २०२० च्या प्रयोगात माणसाने असं केल्यावर मांजरांनीही तसंच उत्तर दिलं आणि अनोळखी माणसाजवळही ती अधिक आली. लहान मुलांना ही गोष्ट शिकवायला सोपी आणि त्यांना फार आवडतेही.

मुंबईहून कॅमेऱ्यावर 'मनीऽ मनीऽ' अशा हाका मारणारे बरेच जण आहेत. मांजर मालकाचा आवाज ओळखतं, हे जपानी संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं. पण आवाज ओळखीचा आणि माणूस कुठेच नाही, यातून मांजराला समाधान मिळतं की संभ्रम, याची मला शंका वाटते. कॅमेरा जरूर लावा, पण बघायला: ते खातंय का, किती वेळ दाराशी बसतं, राखणदार खरंच बसतो का.

दर शनिवार-रविवार ने-आण करावी का? पिल्लू असल्यापासून पेटीची आणि गाडीची सवय असेल तर काही मांजरं निभावतात. मोठ्या मांजराला मात्र दर आठवड्याला हद्द बदलणं जड जातं. एक घर निवडा. वर्षातले बहुतेक दिवस तुम्ही मुंबईत असाल तर ते घर मुंबईचं असावं, आणि समुद्राकाठी मांजर हवंच हा हट्ट सोडावा.

हाताला काम, पंजाला शिकार

मांजर दिवसातून अनेकदा थोडं-थोडं खाणारं जनावर. एकदाच भरलेली वाटी म्हणजे त्याचा सगळा दिवस पाच मिनिटांत संपवणं. सुका खाऊ असेल तर वाटीत अर्धाच ठेवा आणि बाकीचा घरात लपवा: करवंटीखाली, पायरीच्या कोपऱ्यात, खोक्यात चुरगळलेल्या कागदांमध्ये. पोफळीची वाळलेली विरी उपडी टाकली की तिच्याखाली हात घालून खाऊ काढण्यात मांजर रमतं. झाडूतला एक हीर घेऊन टोकाला चिंधी बांधली तर बाजारातल्या खेळण्याला तोड नाही. चिंधी भक्ष्यासारखी पळवा, कधी दाराआड लपवा, शेवटी पकडू द्या आणि लगेच खायला द्या. खेळ संपला की हीर आणि दोरा उचलून ठेवायचा. गिळलेला दोरा आतडी गोळा करतो. मासेमारीची तंगूस आणि गळ तर मांजराच्या वाऱ्यालाही नकोत. माशाचा वास लागलेला गळ ते चाटणारच.

पावसाळ्यासाठी एक उंच कोरडी जागा लागते. खिडकीशी फळी, पोटमाळ्याकडे जाणारी शिडी, कपाटावर जुनी गोधडी. बाहेर बघता आलं की बंद घरातले तास सुसह्य होतात. हे सगळं मेच्या मध्यालाच मांडा. जूनच्या पहिल्या आठवड्यात एकदम नवं काही आणलं तर त्याचाही ताण होतो. प्रवासाची पेटीही तेव्हाच उघडी ठेवून तिच्यात झोपायची सवय लावा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळलं. छपरं उडाली, वाड्या आडव्या झाल्या, कित्येक दिवस वीज नव्हती. घाबरलेलं मांजर अशा वेळी अनोळखी पेटीत शिरत नाही.

खाण्याबद्दल तीनच गोष्टी. कच्ची मासळी रोज नको. काही माशांतल्या एका घटकामुळे ब१ जीवनसत्त्व नष्ट होतं आणि तो घटक शिजवल्यावर निकामी होतो. बंदीच्या काळात सुकट-बोंबलावर भागवू नका, त्यात मीठ फार. दूधभात हाही मांजराचा आहार नव्हे, कितीही पिढ्या घातला असला तरी.

जोडीदार आणावा का?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, आणि त्याचं उत्तर बहुधा घाईने दिलं जातं. ब्राझीलच्या त्या पाहणीत अडचणी असलेल्या मांजरांच्या घरात दुसरं जनावर नसणं आणि खेळणी नसणं या गोष्टी अधिक आढळल्या, हे खरं. पण आधीपासून एकत्र असलेली जनावरं निराळी आणि पाच वर्षं एकट्याने राज्य केलेल्या मांजरीपुढे अचानक ठेवलेलं पिल्लू निराळं. तिच्या दृष्टीने सोबत आलेली नसते, हद्दीत घुसखोर आलेला असतो.

पिल्लंच आणणार असाल तर एका वेतातली दोन आणा, हा माझा ठाम सल्ला. सुट्टीच्या घरासाठी तर एकटं पिल्लू आणूच नये. घरात आधीच मोठं मांजर असेल तर ते इतर मांजरांशी कसं वागतं ते पाहा. गावातल्या मांजराला कुंपणापलीकडून बघून ते शांत बसत असेल तर आशा आहे. फिस्कारून शेपटी फुगवत असेल तर विषय सोडा.

आणायचं ठरलंच तर नव्याला पहिले दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा, लसीकरण आणि तपासणी करून घ्या. बंदरावरून उचललेलं पिल्लू पॅनल्युकोपेनियासारखा जीवघेणा रोग घेऊन येऊ शकतं. या दिवसांत दोघांची अंथरुणं अदलाबदल करा, म्हणजे वासाची ओळख आधी होईल. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना वाट्या ठेवून जेवण. मग दार बोटभर उघडं. मग तुमच्या देखत थोडा वेळ समोरासमोर. याला कित्येक आठवडे लागतात, आणि ते तुम्ही स्वतः घरात असताना व्हायला हवं. शनिवारी आणून रविवारी संध्याकाळी राखणदाराच्या हवाली करायचं हे काम नाही. वाट्या, पाण्याची भांडी, झोपायच्या जागा वेगवेगळ्या. मातीच्या पेट्या मांजरांपेक्षा एक जास्त.

बंदरावरचं मोठं मांजर 'आमच्या मनीला सोबत' म्हणून उचलून आणू नये, हेही सांगायला हवं. त्याची तिथे आपली माणसं आणि मांजरं आहेत. त्याचं भलं करायचं असेल तर नसबंदी आणि रेबीजची लस करून तिथेच सोडा.

कोणी कायमचं गेलं तर

सोबतचं मांजर किंवा कुत्रं मेल्यावर मागे राहिलेलं मांजर खाणं, खेळणं, झोप कमी करतं, लपून बसतं किंवा एकसारखं माणसामागे फिरतं, असं मिशिगनमधल्या ओकलंड विद्यापीठाच्या २०२४ च्या अभ्यासात ४५० हून अधिक मांजरांच्या मालकांनी सांगितलं. मालक आपलंच दुःख मांजरात पाहत असतील, अशी पुस्तीही संशोधकांनीच जोडली आहे. ते काहीही असो, करायचं तेच: वेळापत्रक तसंच ठेवायचं, गेलेल्याचं अंथरूण लगेच फेकायचं नाही, आणि लगेच बदली जनावर आणायचं नाही.

माणूस जातो तेव्हा अवघड होतं, कारण घरात माणसं भरपूर असतात आणि मांजराकडे कोणीच पाहत नाही. दिवसकार्याला आलेल्या गर्दीत ते माळ्यावर दडतं आणि दोन-तीन दिवस उपाशी राहतं. लठ्ठ मांजराचं यकृत एवढ्या उपासानेही बिघडू शकतं. शाळकरी वयाच्या एखाद्या नातवंडाला ही जबाबदारी द्यावी. ते मन लावून करतं.

आजी-आजोबा काही महिन्यांसाठी जाणार असतील तर मांजराला शेजारच्या घरात हलवण्यापेक्षा शेजारच्या माणसाला रात्री या घरात झोपायला सांगणं बरं. शेजारी हलवलेलं मांजर जुन्या पडवीत परत येऊन बसतंच. कायमचं मुंबईला न्यायचं असेल तर तिथे पहिले काही दिवस एकाच खोलीत, जुन्या न धुतलेल्या गोधडीसकट ठेवा आणि खिडक्यांना जाळी आधी बसवा. वाडीत वाढलेलं मांजर चौथ्या मजल्याच्या कठड्यावर विनाविचार चढतं.

स्वयंपाकघराच्या दाराआड राखणदारासाठी किंवा शेजाऱ्यांसाठी एक कागद चिकटवून ठेवा, मराठीत, मोठ्या अक्षरांत. त्यावर खाण्याच्या वेळा आणि माप, लपायच्या नेहमीच्या दोन-तीन जागा, तालुक्याच्या पशुवैद्यकांचा नंबर, तुमचा नंबर, आणि तुम्ही फोन उचलला नाही तरी खर्च करायची परवानगी. माणसाची तापाची गोळी देऊ नये हे अधोरेखित करा. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेते. एक दिवस खाल्लं नाही तर फोन करायचा. बोका पुन्हा पुन्हा लघवीला बसतोय आणि थेंबही येत नाही असं दिसलं, तर फोनची वाट न पाहता त्याच तासाला पेटीत घालून दवाखाना गाठायचा. पेटी कुठे ठेवली आहे, तेही त्याच कागदावर लिहा.